हे कोणाच्या दावणीचं?

शेवगावात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हदीसबद्दलचा माझा संशय त्या दुकानातच वाढला. कुराण अल्लाहचं वचन, त्याविषयी मनात कधी किंतु आला नाही. पण पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी, म्हणजे हदीस, या माणसांनी माणसांना सांगितलेल्या. आणि माणसं काय सांगतात ते मी रोज बघतो. सकाळी एका गल्लीतून निघालेला मेसेज दुपारी दुसऱ्या गल्लीत पोचतो तेव्हा त्याला इतकं तिखटमीठ लागलेलं असतं की मूळ पाठवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. मग शेकडो वर्षांचं तोंडी बोलणं जसंच्या तसं कसं राहील? मशिदीत हदीस सांगितली जायची तेव्हा मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, असेलही, नसेलही.

माझे अब्बा गुरांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्यांना सगळे ओळखतात, आणि थोडे वचकूनही असतात, कारण गाय घेताना ते विक्रेत्याचा जीव काढतात. गाय कोणाच्या दावणीची? म्हणजे मूळची कोणाच्या गोठ्यातली, हे पहिलं. मग मधे किती हात फिरली? दूध काढताना कोणी पाहिलं? त्या माणसाला बोलवा. जो विक्रेता एकदा खोटा निघाला त्याच्या जनावराकडे अब्बा पुन्हा कधी बघत नाहीत, मग ते कितीही देखणं असो. हा फक्त त्यांचा स्वभाव नाही, जुन्या व्यापाऱ्यांची रीतच तशी आहे.

अशा माणसाने मोबाईलवर आलेल्या एका चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, याचं मला आजही नवल वाटतं. अब्बांना साखरेचा आजार. रमजान जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की या गोळ्या चालू असताना रोजे धरायचे नाहीत. अब्बांनी ऐकलंही असतं. पण त्याच आठवड्यात त्यांना हिरव्या घुमटाचं एक चित्र आलं. वर मोठ्या अक्षरात ‘हदीस’ आणि खाली असा मजकूर की जो आजाराचं निमित्त सांगून रोजा सोडतो त्याची जन्मभराची इबादत वाया जाते. अब्बांनी ते मला तीनतीनदा वाचायला लावलं. मी म्हटलं, अब्बा, असली चित्रं रोज येतात. ते इतके चिडले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला हदीस खरी कोणती आणि खोटी कोणती हे ठाऊकच नव्हतं, तर त्यांना काय समजावणार? माझ्या लेखी सगळंच एका पोत्यातलं होतं.

रमजान लागल्यावर घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी पहाटे, रोज्याआधीचं खाणं म्हणजे सहरी केली, गोळ्या घेतल्या आणि बाजाराला निघाले. मला धास्ती होती म्हणून मी दुकान बंद ठेवून सोबत गेलो. फाल्गुनातलं ऊन, धूळ, गुरांचं हंबरणं. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग एका गाईचा सौदा जमायला आला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे बाजूच्यांना कळू नये. घेणारा शेतकरी नेवाशाकडचा, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्याने रुमालाखाली हात घातला आणि लगेच रुमाल बाजूला केला.

“चाचा, तुमचा हात बर्फावानी गार पडलाय. अन् घाम किती! काय हुतंय तुमाला?”

अब्बा हसायला गेले आणि गुडघ्यात वाकले. त्या शेतकऱ्याने त्यांना धरलं नसतं तर ते गाईच्या पायातच पडले असते. माझं डोकंच बंद पडलं. आम्ही दोघांनी त्यांना कडुलिंबाखाली आणलं. माणसं गोळा झाली, कोणी टॉवेलने वारा घालू लागलं, कोणी आपलं उपरणं त्यांच्यावर धरून ऊन अडवू लागलं. तो शेतकरी धावत जाऊन उसाचा रस घेऊन आला. मी ग्लास ओठांना लावला, तर अब्बांनी दात आवळून धरले आणि मान फिरवली.

“रोजा हाय माझा,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती. “सगळी कमाई जाईल. नमाजं, रोजे... सारं जाईल. नगं.”

मी रडलो, हात जोडले, मोबाईलवर आलेल्या त्या हदीसपायी जीव देता का, म्हणून ओरडलो. माझा बाप माझ्या मांडीवर थंड होत चालला होता, हातात गोड रस होता, आणि मोबाईलवरच्या एका चित्राने त्यांचं तोंड बंद केलं होतं. मी मनातल्या मनात एवढंच म्हटलं, या अल्लाह, माझ्याकडे शब्द नाहीत, तूच काहीतरी कर.

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. पांढरी दाढी, एका हातात शेळीची दोरी. दुधाची शेळी घ्यायला कोल्हारहून आल्याचं नंतर कळलं. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा मदरशात अनेक वर्षं हदीस शिकवली होती. ते अब्बांसमोर बसले. वर धरलेल्या उपरण्याकडे बघत राहिले, मग गर्दीकडे, मग अब्बांकडे. त्यांचे डोळे भरून आले.

“भाईजान,” ते म्हणाले, “हे असंच एकदा घडलंय. पैगंबर साहेब प्रवासात होते. त्यांना अशीच गर्दी दिसली. मधी एक माणूस पडला होता आणि लोकांनी त्याच्यावर सावली धरली होती. त्यांनी विचारलं, काय झालं? लोक म्हणाले, रोजा धरलाय. तर ते म्हणाले, प्रवासात असा रोजा धरनं ही नेकी न्हाई.”

माझ्या अंगावर काटा आला. मी वर पाहिलं. तीच गर्दी होती, तीच सावली, खाली तसाच पडलेला एक माणूस.

अब्बा मात्र अब्बाच. अर्धवट शुद्धीतही त्यांनी हुज्जत घातली. “आमी कुठं प्रवासी? शेवगाव हितंच हाय.”

“बरोबर. तुमी प्रवासी न्हाई ठरनार. पन आजारी हाय ना? कुराणात आजाऱ्याला आन् प्रवाशाला एकाच ठिकानी सूट दिलीय.”

अब्बांनी डोळे उघडले. “पन ही गोष्ट... सांगितली कोनी?”

म्हातारबाबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला की त्या प्रसंगात तो बघून मी चमकलोच. “वा! हाच प्रश्न विचारायचा असतो,” ते म्हणाले. “ज्यानं सांगितली तो तिथं जवळ होता. त्याच्याकडून कोनी ऐकली त्याचं नाव ठाऊक हाय, त्याच्या पुढच्याचंही हाय. परत्येकाची चौकशी झालीय, खरं बोलनारा हुता का, आठवन पक्की हुती का. एक जरी कच्चा निघाला असता तर मी आज तुमच्यापुढं हे भरवशानं बोललो नसतो. आता तुमी सांगा, मोबाईलवरचं ते कोनाच्या दावणीचं?”

अब्बा त्यांच्याकडे बघतच राहिले. गुडघ्यात कोसळताना त्यांना बसला नव्हता एवढा धक्का आता बसलेला मला स्पष्ट दिसला. “गाईला इचारतो तेवढंबी मी धर्माला इचारलं न्हाई,” ते पुटपुटले. म्हातारबाबांनी खिशातून पुडी काढली. तिच्यात खजूर होते, त्यांनी स्वतःच्या इफ्तारीसाठी आणलेले. एक कुस्करून त्यांनी अब्बांच्या उजव्या हातावर ठेवला, बिस्मिल्लाह म्हटलं, आणि अब्बांनी तो तोंडात घातला. मग रस, थांबत थांबत, घोट घोट. काही वेळाने त्यांच्या हाताला ऊब आली. ती ऊब माझ्या तळव्याला जाणवली तेव्हा मी लहान मुलासारखा हमसून रडलो.

टेम्पो येईपर्यंत म्हातारबाबा आमच्याजवळ बसून होते. त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. जुन्या काळी एक आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, एका हदीसच्या शोधात लांबचा प्रवास करून एका माणसाकडे गेले म्हणे. तो माणूस पळालेल्या जनावराला रिकामी झोळी दाखवून, चारा आहे असं भासवून, जवळ बोलावत होता. आलिम काही न विचारताच परत फिरले. मुक्या जनावराला जो फसवतो त्याच्याकडून पैगंबरांचं बोलणं कसं घ्यायचं? भोवती उभे असलेले व्यापारी खाली बघू लागले. रिकामी पाटी दाखवून जनावर बोलावणं आमच्याकडे कोण करत नाही?

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरली होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर बेशुद्ध होऊन हाताबाहेर गेलं असतं. पुढच्या बाजाराला आम्ही त्या बाबांना शोधायला गेलो, सापडले नाहीत. त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं होतं. ते फरिश्ता होते असं मी म्हणणार नाही, कारण फरिश्ते शेळीचे दात तपासत नाहीत, आणि त्यांनी जाण्याआधी ते कसून तपासले होते. पण अल्लाहने त्यांना त्या दुपारी त्या लिंबाखाली आणलं, एवढं मी जाणतो.

आता रमजानमध्ये अब्बा गोळ्या घेतात, जेवतात, आणि रोज्याच्या बदल्यात रोज एका गरजवंताला घरी बसवून जेवू घालतात. दुपारचा पहिला घास उचलताना त्यांचे डोळे दरवेळी भरतात. ते म्हणतात, उपाशी राहनं सोपं हुतं, ऐकनं अवघड हाय. मोबाईलवर काही आलं की माझ्यापुढे धरून विचारतात, कोनाच्या दावणीचं? मीही आता मशिदीतल्या मौलानांकडे जाऊन विचारतो. शंका माझ्यात अजून आहे, पण आता ती मला घरी बसू देत नाही, विचारायला पाठवते.

एका गोष्टीचा धक्का मात्र ओसरत नाही. प्रवासात उन्हाने पडलेला तो मूळचा माणूस. मला सांगितलेल्या गोष्टीत त्याचं नावसुद्धा नव्हतं. त्याला काय ठाऊक, की आपल्या पडण्याने कितीतरी शतकांनी घोडेगावच्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा जीव वाचणार आहे? आणि ती गोष्ट तोंडातोंडी आणणारे ते सगळे लोक, त्यातल्या एकाने जरी कंटाळा केला असता, पदरचं घातलं असतं, तर माझ्या अब्बांचे आवळलेले दात त्या दुपारी उघडले नसते. मशिदीत हदीस सांगायला सुरुवात होते आणि आधी सांगणाऱ्यांची नावं येतात. पूर्वी मी ती ऐकायचोही नाही. आता एकेका नावाला मी मनातल्या मनात दुआ देतो, आणि शेजारी बसलेल्या अब्बांचा हात हातात घेऊन बघतो. तो कोमट असतो.