रसूलमामांची सुट्टी

हडपसर सोडलं तेव्हा गाडीत मी, एक लोखंडी पेटी आणि दोन दिवसांचे कपडे, एवढंच होतं. दाराला कुलूप लावताना कुणाला काही सांगायचं राहिलं नाही ना, असं उगाच आठवून पाहिलं. आई गेल्यापासून सांगायला कुणी उरलेलं नाही.

यंत्रांना शहाणपण शिकवायचं माझं काम. भट्टीची आच स्वतः सांभाळणारी यंत्रणा रांजणगावला बसवली, गर्दी पाहून चौकातले दिवे बदलणारी बसवली, इस्पितळात रुग्णाच्या श्वासाप्रमाणे हवा कमी-जास्त करणारीही बसवली. या खेपेला होतं गुऱ्हाळ, केडगावच्या पलीकडं; त्याची यंत्रणा त्या पेटीत होती.

चौफुल्याला मिसळ खायला थांबले. वेटरनं विचारलं, "किती जण?" म्हटलं, "एक." त्यानं माझ्या मागं कुणी येतंय का ते पाहिलं आणि मला हात धुवायच्या बेसिनशेजारच्या टेबलावर नेऊन बसवलं. मिसळ मात्र झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं ते तिच्यामुळंच.

पुढं फोनवरचा नकाशा मला थेट उसात घेऊन गेला. समोरून ट्रॅक्टर आला. चालवणारा खाली उतरून हसायला लागला.

"फोनचं ऐकून आलाव का म्याडम? हा रस्ता मालकानं गेल्या साली नांगरला की! फोनला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं."

हात्तिच्या! गाडी उलटी काढता काढता आरसा उसाला घासून वाकडा झाला.

गुऱ्हाळाचा वास आधी आला, मग धूर दिसला. पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या रसानं भरलेली भलीमोठी काहील उकळत होती, खाली चुलवाण (काहिलीची भट्टी) धडधडत होतं आणि चिपाडांचे ढीग वाळत पडले होते. मालक आप्पा हातात फोन घेऊनच पुढं आले. त्यांच्या मागं पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते. हे रसूलमामा, इथले गुळव्या (पाक कधी झाला ते ओळखणारा कारागीर).

मला वाटलं होतं, हे माझ्यावर डूख धरून असणार. ज्याच्या जागी पेटी बसवायची तो माणूस दुसरं काय करणार? पण मामांनीच पेटी गाडीतून उतरवायला हात लावला.

"बाई, ही चालंल ना नक्की?" त्यांनी हळूच विचारलं. "मांडवगणला बायकू एकटी हाय. गेल्या साली लकव्यानं तिचा डावा हात गेला. पोरी आपापल्या घरी. तिला भाकर थापता येत न्हाई, आन् मी हितं काहिलीपाशी."

"मग जात का नाही?"

उत्तर आप्पांनी दिलं. "मामा गेलं तर गुऱ्हाळ बंद. दुसरा गुळव्या मिळंना, म्याडम. तुमच्या पेटीनं आज तीन काहिली नीट उतरवल्या तर मामा आजच मोकळं. न्हाईतर हंगाम संपेस्तोवर त्यांना मी सोडत न्हाई. माझा बी नाइलाज हाय."

म्हणजे एका माणसाचं घर माझ्या पेटीवर टांगलेलं!

पेटीला पाक कळायचा तो मामांमुळंच. आमच्या माणसानं आधी पंधरा दिवस मामांच्या हातात एक बटण दिलं होतं आणि सांगितलं होतं, पाक झाला की दाबा. वरून कॅमेरा, काहिलीत तापमापक. मामा बटण दाबायचे, पेटी शिकायची. मी पुण्यात बसून त्या शिकवणीचे आलेख पाहत होते आणि खूश होते. गुऱ्हाळ मात्र मी आज पहिल्यांदा पाहत होते. काहील कलती करायला आता मोटरही बसवली होती. पेटीनं ठरवायचं, मोटरनं उलटायचं.

पहिली काहील पेटीच्या हुकमानं उलटली. पाक वाफ्यात (गूळ निववायच्या हौदात) पसरला आणि नुसता पसरूनच राहिला. कामगार दांड्यानं ढवळून दमले. गूळ काही धरेना. दाट काकवीच झाली होती.

"कच्चा काढला!" आप्पांचा आवाज चढला. "ही सोडली, पण उरलेल्या दोन्हीतली एक जरी बिघडली तर पेटी गाडीत टाका आन् निघा!"

मामा चिपाडावर जाऊन बसले. मला त्यांच्याकडं पाहवेना. आकडे चाळले, सगळं मामांच्या बटणाबरहुकूम होतं. कप्पाळ माझं! मग चूक कुठं होती?

शेवटी मामांपाशी जाऊन बसले. "मामा, बटण तुम्ही नेमकं कधी दाबत होता?"

"हाळी दिली की. 'उचला रंऽ' म्हणायचं आन् दाबायचं."

"तेव्हा पाक झालेला असायचा?"

त्यांनी वेड्याकडं पाहावं तसं माझ्याकडं पाहिलं. "झाल्यावर हाळी देऊन काय फायदा? पोरं चुलवाणापास्नं येणार, ओलं पोतं हाताला गुंडाळणार, दांडा धरणार, मंग उचलणार. तवर काहील गप बसती व्हय? करपलाच की गूळ! हाळी आधीच द्यावी लागती. गणपत असला तर अजून आधी, त्याचा गुडघा दुखतोय."

मी डोकं धरलं. पेटी पाक शिकलीच नव्हती. ती शिकली होती मामांची घाई, माणसांच्या येण्याजाण्याचा हिशोब, गणपतचा गुडघा. आणि मोटरला कुठला आलाय गुडघा? हुकूम झाला की तिनं त्याच क्षणी काहील उलटली. मी एकदा इथं येऊन नुसती उभी राहिले असते तरी हे दिसलं असतं.

दुसऱ्या काहिलीला मी मामांना म्हटलं, "आज हाळी नाही. पाक खरोखर होईल तेव्हाच सांगा." मामा थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकायचे आणि बोटांत त्याची गोळी वळायचे. त्यांचं तोंड सवयीनं उघडलं, तशी मी वेळ टिपली. त्यांनी ओठ मिटले, थांबले. आणखी एक गोळी, आणखी एक. मग म्हणाले, "आता." दोन्हींमधलं अंतर मी पेटीला शिकवलं आणि मोटर चालवली. गूळ धरला.

तिसरी काहील एकट्या पेटीची. मामा हात पाठीशी बांधून उभे होते. काहील उलटली, पाक निवला, ढेप सुटली तेव्हा कडक आणि सोनेरी. मामांनी तुकडा चाखला. मग शेडमागं जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

आप्पा शब्दाला जागले. संध्याकाळी ढळत्या उन्हात मी मामांना गाडीत घेतलं. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, न्हावऱ्याहून मांडवगणकडं वळले. वाटेत मामांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं, बाई?" मी म्हटलं, "मी असते." त्यांनी मान हलवली.

हमीदाभाभी दारातच बाजेवर होत्या. एका हातानं शेंगा फोडत होत्या. नवऱ्याला पाहून उठल्या नाहीत, हसल्याही नाहीत. एवढंच विचारलं, "फिर कब जाने का?"

"अब नहीं जाने का."

त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. चांगल्या हातानं मामांच्या सदऱ्याची बाही धरली आणि धरूनच राहिल्या. मला जेवायचा खूप आग्रह झाला, पण मी थांबले नाही. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटला आणि तो त्यांच्यासमोर लपवता आला नसता.

न्हावरं गेलं, चौफुला गेला. रात्री उशिरा घरी पोचले. चहा टाकला आणि अहवाल लिहायला बसले. आमच्या अहवालात शेवटी एक रकाना असतो, 'कमी झालेली माणसं'. तो मी इतकी वर्षं विचार न करता भरत आले. कुठं चार, कुठं दोन, कुठं अकरा. ती माणसं पुढं कुठं गेली, त्यांना दारात कुणी भेटलं का, मी एकदाही विचारलं नाही. आज मला लाज वाटली.

मी लिहिलं, 'एक माणूस घरी पोचला.'

संगणकानं ते घेतलं नाही. त्या रकान्यात फक्त आकडा चालतो. मी सगळं पुसलं आणि १ लिहिला.