मागच्या काचेवरचा कागद

मंडळी, घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

दुपारी इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगच्या ऑफिसात आम्हा बायकांमध्ये एक मेल फिरत होती. गाडीच्या मागच्या काचेवर कागद चिकटवलेला दिसला तर उतरू नका, चोर टपलेले असतात. मीही ती घाबरून पुढे पाठवली.

संध्याकाळी कार पार्कमध्ये अंधार. गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, तर काचेवर कागद! दारं लॉक केली. तेवढ्यात हूडवाला एक माणूस धावत आला आणि काचेवर थापा मारायला लागला. "अहो ताई, थांबा! आधी उतरा!"

चक्क मराठीत. मला वाटलं, मेल्यांना माझी भाषासुद्धा माहितीये! मी गाडी पळवली.

मोटरवेवर गाडी एका बाजूला ओढायला लागली. कशीबशी कडेला थांबवली. शेजारून लॉऱ्या सुसाट जात होत्या. उतरून पाहिलं, तर मागचं चाक पार बसलं होतं. कागदावर लिहिलं होतं, "ताई, चाक पंक्चर आहे, गाडी काढू नका. निखिल, टेस्टिंग टीम."

रीडिंगमध्ये कुठे मराठी कानावर पडलं की मी रस्ता ओलांडून बोलायला जाते. आज त्याच हाकेला घाबरून पळाले.

खरं सांगा, तुम्ही थांबला असतात?