शेवटच्या वस्तीचं पाणी

मोबाईलवर शनीचं चित्र मोठं करून दाखवलं, तेव्हा पाटकरी तात्यांनी त्याच्या कड्यावरून हळूच बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यो पाट शेवटाला कुठं जातुया?" जन्मभर कालव्याचं पाणी वाटलेला माणूस, निवृत्त होऊन वरकुट्यात राहायचा. आकाशाकडे बघत बसले की तात्या तासभर बोलायचे नाहीत. मग एकदम एखादा ग्रह सांगायला लागायचे, आणि ऐकता ऐकता आपण तिथे उभे आहोत असं वाटायचं.

आमची गाठ पडली इंदापूरच्या वाचनालयात. मी बारामतीत शिक्षिका, शबाना सुप्यात कापडाचं दुकान सांभाळते. तिघं तीन गावांत, म्हणून अंतराळातली कथा आम्ही एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहायला घेतली. तांबड्या ओसाड ग्रहावरच्या लांब लांब वस्त्या आणि त्यांना पाणी पोचवणारं एक जुनं यान. तात्या एका बोटाने टाईप करायचे, पण लिहायचे असं: "इथं सकाळ सावकाश येते, उसाच्या फडातून भरली बैलगाडी यावी तशी." ते वाचून मी दिवसभर वर्गात कुठे असायची, देव जाणे.

एकाच वेळी तिघांना लिहिता येतं, हे मी त्यांना दहादा समजावलं. "एका पाटावर तिघांनी दारं धरली तर कुणाचंच रान भिजत न्हाय," असा त्यांचा कायदा. दुसऱ्याच्या नावाचा कर्सर दिसला की ते मुकाट्याने फाइल बंद करायचे. एकदा चार दिवस त्यांची ओळ नाही. काळजीने फोन केला, तर म्हणाले, शबानाची लिहायची पाळी अजून संपलेली नाही. शबाना दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडी ठेवून लग्नाला गेली होती. आमची हसून पुरेवाट झाली. तात्यांनी मात्र तेवढ्यात अख्खं प्रकरण मनात रचून ठेवलं होतं.

मग दिवाळी अंकाला कथा पाठवायचं ठरलं आणि शब्द जास्त भरले. मी आणि शबानाने शेवटची वस्ती काढून टाकली. तिथे एकटी म्हातारी राहायची, कथेत तिला फारसं काम नव्हतं. यान आम्ही अलीकडच्याच वस्तीवर थांबवलं. तात्यांना विचारायचं राहून गेलं असं म्हणते खरी, पण आम्ही ते टाळलंच. ते भांडले नाहीत. बाजूला टिप्पणी टाकली, "टेलला पाणी पोचलं न्हाय," आणि लिहिणं थांबवलं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.

पंधरा दिवसांनी कळलं, तात्या बारामतीला दवाखान्यात आहेत, हृदय थकलंय. आम्ही दुपारी भेटायला गेलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. एका दुष्काळी साली वरच्या बागायतदारांच्या दबावाला ते बळी पडले आणि टेलचं दार उघडलंच नाही. तिथली एक म्हातारी तीन दिवस कोरड्या पाटाच्या काठावर बसून होती. मागे तिची ज्वारी करपत होती.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई," ते मला म्हणाले. "ती कायबी बोलली न्हाय."

मला माझीच लाज वाटली. शबानाने तिथेच मोबाईल काढला, फाइलची जुनी प्रत शोधली आणि काढलेली वस्ती परत आणली. "आता तुमची पाळी, तात्या," म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. ते सांगत गेले, मी टाईप करत गेले. यान तांबड्या धुळीवरून तरंगत निघालं. एकेक वस्ती मागे पडली. धूळ निवळली, दोन चंद्र दिसायला लागले, आणि म्हातारीच्या दारापुढच्या पाटात पाणी शिरलं.

मी विचारलं, ती काय म्हणते?

तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोपले.

"ती म्हनती, उशीर केलात तात्या. पर आलात."

यानाच्या चालकाचं नाव कथेत वेगळं होतं. शबानाने माझ्याकडे पाहिलं. मी नाव बदललं नाही, 'तात्या' तसंच ठेवलं.

चौथ्या दिवशी तात्या गेले. कथा अंकाच्या शब्दमर्यादेत बसली नाही. आम्ही ती कापली नाही.