शालूच्या तापाची वही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलायला बसले आहे — बघू, जीभ कुठवर रेटते.

माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा आम्ही मुर्री गावात राहत होतो. नागपूरहून ती केमो घेऊन यायची आणि सगळं घर तिच्याभोवती फिरायचं. आई तिच्यासाठी मोसंबी सोलायची. बाबा — ज्यांनी कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही — तिचे पाय चेपत बसायचे. केस गेले, तरी लोक म्हणायचे, किती गोड दिसते. आजारी बहिणीवर कुणी जळतं का? मी जळायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं — केमोनंतर अंगात रोगाशी लढायची ताकद उरत नाही. ताप शंभरावर गेला की गोळी देऊ नका, तडक नागपूरला आणा. म्हणून तापाची वही होती. आईला थर्मामीटर वाचता येत नसे, त्यामुळे ती वही माझ्याकडे.

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तिच्यापायी एकदा पुढे ढकललं होतं. दुसऱ्यांदा ठरलेल्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "ताई, पोट लय दुखून राह्यलं." मी थर्मामीटर लावला. एकशे दोन. मुलाकडचे पाहुणे त्यांच्या घरून निघाले होते. आज तरी दिवस माझा असावा की नाही? मी — मी वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं. आणि पोटदुखीची म्हणून तापाची गोळी दिली.

"घे, बरं वाटन तुले."

तिनं मुकाट्यानं घेतली.

साक्षगंध छान झालं. संध्याकाळी शालूला हुडहुडी भरली. नागपूरला पोचलो तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. रक्ताचा रिपोर्ट मागाहून आला — आतड्यातले जंतू रक्तात उतरले होते, क्लॉस्ट्रिडियम की काय ते. डॉक्टरांनी वही चाळली आणि बाबांना म्हणाले, तुम्ही उशीर केला नाही.

सकाळीच नेलं असतं तर? माहीत नाही. पण त्या 'माहीत नाही'च्या आड मी लपणार नाही.

आई अजून भेटेल त्याला सांगते, "मोठीनं लय केलं तिचं." मी मान खाली घालून ऐकते. लोकांना वाटतं, दुःखानं. खरं सांगू — ते ऐकायला मला अजूनही बरं वाटतं.