भावनाचं नाक

या सदरातले अनुभव मी जेवता जेवता वाचते, करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. जळगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, एवढ्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे. एकदाच घडलं असतं तर गप्प बसले असते. पण ते दुसऱ्यांदा घडलं, म्हणून लिहिते.

आमचं गाव मुक्ताईनगर तालुक्यात, शेतात केळी. बारावीच्या सुमारास घरात सगळ्यांना कोरोना झाला आणि सगळ्यांचा वास गेला. महिन्याभरात सगळ्यांचा परत आला, माझा नाही. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. नाक जागेवर आहे ना, मग झालं! मलाही फार वाईट वाटलं असं नाही. तिखट कळायचं, खारट कळायचं, बाकी जेवण म्हणजे गरम किंवा गार एवढंच. अ‍ॅडमिशनच्या वेळी केमिस्ट्री निवडताना नाकाचा प्रश्न येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

तो आला ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला. बाटलीत दिलेला पदार्थ कोणता, ते ओळखायचं. पहिला रकाना रंगाचा, दुसरा वासाचा. बाटलीचं झाकण काढायचं, हाताने हवा हलकेच नाकाकडे ओढायची आणि लिहायचं... फळांसारखा, कडू बदामासारखा, डांबरासारखा. हा रकाना चुकला की पुढच्या सगळ्या टेस्ट भलत्याच वाटेने जातात.

माझी रूममेट भावना हीच माझं नाक होती. ती धुळे जिल्ह्यातली, नरडाण्याजवळच्या गावची. जळगावात मेहरूण तलावाच्या अलीकडे आमची खोली होती. लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटर घ्यायच्या निमित्ताने ती माझ्या टेबलामागून जायची, बाटलीवर नाक नेऊन पुटपुटायची आणि पुढे सरकायची. तिचं नाक म्हणजे कमालच होती. घरमालकीण वरच्या मजल्यावर कोणती डाळ शिजवते आहे ते ही खालून सांगायची.

मी कधी आभार मानले तर म्हणायची, "आभार कसाना मानस वं? तुनं नाक मीच शे."

शेवटच्या वर्षाला कंपनीचे लोक कॉलेजात आले आणि माझी निवड झाली. अट एकच, सगळे विषय पहिल्या झटक्यात सुटले पाहिजेत. आणि नेमकी पूर्वपरीक्षेत मी ऑरगॅनिकला आपटले. टेबलं लांब पडली, भावना पार दुसऱ्या टोकाला. मी अंदाजाने "फळांसारखा" असं लिहिलं आणि वेळ संपेपर्यंत चुकीच्या टेस्ट करत बसले. बाटलीत फिनॉल होतं. सरांनी जर्नल परत देताना विचारलं, "कोणत्या बाजारातून फळं आणता तुम्ही?" सगळी बॅच हसली, मीही हसले. खोलीवर आल्यावर मात्र खूप रडले. नोकरी गेल्यात जमा होती. घरी सांगायची हिंमत होत नव्हती, कारण माझ्या निवडीचे पेढे गावात वाटून झाले होते.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेच्या सकाळी आम्ही अ‍ॅप्रन घालून लॅबच्या दाराशी उभ्या होतो. बाहेरून आलेले परीक्षक आत चहा पीत होते. माझा चेहरा बघून भावनाने स्वतःच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरला आणि तीच चिमूट माझ्या नाकावर दाबली.

"ले. आजना दिवस मनं नाक तुले दिधं. परत कर मातर."

मी तिचा हात झटकला. गंमत सुचायची ती वेळ नव्हती.

चिठ्ठी उचलली, त्या नंबरची बाटली घेतली. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. सवयीने झाकण काढलं, सवयीने हात हलवला... आणि मला आबांचा गुडघा आठवला.

म्हणजे आधी आठवला, मग कळलं की वास येतो आहे. माझे आजोबा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून गुडघ्याला मलम चोळायचे, तो थंड, झोंबणारा वास. मिथाइल सॅलिसिलेट. पुस्तकात त्याचं वर्णन मी पाठ केलं होतं, पण मला पुस्तक आठवलं नाही, गुडघाच आठवला. मी मान वर केली तर अख्खी लॅब अंगावर आली. बर्नरचा गॅस, कुणाच्या तरी टेबलावरचं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, शेजारच्या मुलीच्या केसांचं तेल. तीन वर्षं त्या खोलीत काढली आणि ती खोली मला त्या दिवशी कळली. मी रकाना भरला. पुढच्या टेस्ट सरळ रेषेत गेल्या. परीक्षकांनी वही बघून नुसती मान डोलावली.

दुसऱ्या टोकाला वेगळंच चाललं होतं, ते मला नंतर कळलं. भावनाच्या चिठ्ठीत निघालं होतं नॅप्थॅलीन. कपाटातल्या डांबरगोळ्या! लॅबच्या दारातून जाणारा शिपाईसुद्धा सांगेल. आणि आमच्या बॅचच्या या अव्वल नाकाने वासाच्या रकान्यात लिहिलं होतं: "वास नाही". परीक्षकांना वाटलं, मुलगी घाबरली आहे. त्यांनी बाटली पुन्हा हुंगायला सांगितली. हिने हुंगली आणि पुन्हा तेच सांगितलं. मेल्टिंग पॉइंटवरून तिने पदार्थ बरोबर काढला, त्यामुळे पास झाली, पण तोंडीत तिची भरपूर शोभा झाली.

परीक्षा संपल्यावर आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसलो. तिने डबा उघडला. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. लसणाचा वास मला स्पष्ट आला.

मी म्हटलं, "भावना, मला वास येतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आन् माले सकायपासून काहीच येत नही. सर्दी नही, काही नही. नाक एकदम बंद."

तिने भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. मग मी पहिला घास घेतला आणि त्या घासातच वास विरळ होत गेला, दिवा बारीक करावा तसा. तिखट राहिलं, लसूण गेला. तेवढ्यात ती डब्यावर वाकली आणि म्हणाली, "आते वास येस."

आम्ही केमिस्ट्रीच्या मुली. दुसऱ्याच दिवशी खोलीवर प्रयोग मांडला. तेल, साबण, रॉकेल, कापूर अशा बाटल्या ओळीने ठेवल्या. भावनाने चिमूट घेतली, माझ्या नाकावर लावली, तेच वाक्य म्हटलं. काही झालं नाही. चिमूट बदलून पाहिली, वाक्य फिरवून पाहिलं... छे! पुन्हा करून दाखवता येत नाही ते निरीक्षण नव्हे, असं आमचे सर सांगायचे. मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, नस अधूनमधून जागी होते, असं होऊ शकतं. ठीक आहे, पटलं. गोष्टीच्या भावनाकडच्या अर्ध्या भागाबद्दल मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

नोकरी मिळाली. भावनाला नरडाण्याच्या एमआयडीसीत काम लागलं, घरूनच ये-जा करते. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलणंही सोडून दिलं होतं.

मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. मी एकुलती एक आत्या, म्हणजे नाव मीच सांगायचं. भावनाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"मनी माय आजारी शे वं, रांधानं मनाकडेच शे. मी काही येत नही." मग हसून म्हणाली, "पन मनं नाक धाडी देसू. बाळले हुंगी ले."

मीही हसले. घरात पाहुणे होते, फोन ठेवला आणि विसरून गेले.

बारसं दुपारचं. पाळण्याला झेंडूच्या माळा, बायका दाटीवाटीने बसलेल्या. नाव सांगायला मी पाळण्यात वाकले, तोंड कानाशी नेलं आणि तिथेच थांबले. बाळाच्या टाळूचा वास येत होता. दुधाचा, कोमट तेलाचा, आणि खाली आणखी एक, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. ती जन्मल्यापासून मी तिला कितीदा उचललं होतं, पण ती मला फक्त मऊ आणि गरम लागायची. आता ती वेगळी, तिच्या एकटीची अशी कळली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मागे बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून बसल्या होत्या. आईने कोपराने ढोसलं. "अव, नाव सांग ना लवकर! काय हुंगू राह्यली तिले?"

मी "मुक्ता" म्हटलं. धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. पाळण्यापासून उठून ओसरीवर येईपर्यंत सगळं पुन्हा नेहमीसारखं झालं होतं. झेंडू नुसता पिवळा, घुगऱ्या नुसत्या गरम.

मी भावनाला फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. "नाही गं, मला तर छान वास येत होता," असं ती म्हणाली असती तर सगळं माझ्याच डोक्यातलं ठरलं असतं. आणि "हो" म्हणाली असती तर... त्याचंही काय करायचं ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरांची नस आहे, योगायोग आहे. तुम्हाला जे पटेल ते घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. आईची तब्येत, कंपनीतला नवा साहेब, उकाडा, बरंच बोलली. बारशाचं काहीच विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "काल दुपारले वरण करपनं. मी चुल्हापाशीच उभी व्हती. मायनी खाटवरथून आवाज दिधा तव्हय समजनं."

मी फोन घेऊन दाराबाहेर आले.

"बाळना वास कसा व्हता वं?" तिने विचारलं.

मी सांगितला, जेवढा सांगता आला तेवढा. दूध, तेल, आणि ते तिसरं काहीतरी.

"बरं," ती म्हणाली. "मंग वरण वाया नही गयं."