खुरट्या झाडाचं बी

माझ्या भावजयीचा, मीनाचा फोन आला तेव्हा मी मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. "ताई, हे गेले..." एवढंच तिला बोलता आलं. प्रमोद, माझा धाकटा भाऊ, पन्नाशीही न गाठलेला, प्रयोगशाळेतच छातीत कळ येऊन गेला. दीड महिना झाला, अजून मला त्याच्याबद्दल 'होता' म्हणवत नाही.

राळेगावजवळच्या आमच्या खेड्यातून तो थेट दिल्लीच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत पोचला. कापसाची ती वाईट वर्षं. सुट्टीत आला की लोक त्याला घेरायचे. "मंग आमाले बियाणं कवा देशीन बाप्पा?" शेजारचे दादाजीकाका विचारायचे. "बियाणं नाही करून राह्यलो काका. झाडाले तहान लागली हे त्याच्या पेशीले कसं समजते, ते पाहून राह्यलो." "त्याच्यासाठी दिल्लीले कायले गेला? मले विचारलं असतं ना!" सगळे हसायचे, सगळ्यांत जास्त तोच. मग मला एकटीला सांगायचा, "ताई, हे समजल्याबिगर पुढचं काहीच होत नाही वं."

एका कोरड्या साली आमची देशी कपाशी वाळून गेली. विहिरीजवळची चार झाडं तेवढी पाण्यावर तगली, आणि पार बांधाला, पाण्यावाचून, एक खुरटं झाड हिरवं राहिलं. फोनवर मी सहज बोलले आणि हा उडालाच. "त्याचंच बी पाठव. दुसरं नको." पण ते बारकं, किडकं बी बघून मलाच लाज वाटली. एवढ्या मोठ्या लोकांसमोर माझ्या भावानं हे ठेवायचं? मी विहिरीजवळच्या झाडांची टपोरी सरकी निवडून पाठवली. खुरटं झाड कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीबरोबर उपटलं गेलं आणि चुलीत जळलं.

तीन वर्षं त्यानं त्या बियांवर घालवली. हाती काही लागेना. एकदा त्यानं विचारलं, "ताई, तेच झाड होतं ना?" मी म्हटलं, "हो रे, तेच." खरं सांगायला जीभच उचलली नाही... दिवाळीला आला की सांगू, असं ठरवलं होतं.

मागच्या आठवड्यात मीना त्याची वही देऊन गेली. पानोपानी तोच प्रयोग, पुन्हा पुन्हा. शेवटच्या पानावर तारीख, आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात, 'बी बरोबर आहे, ताईनं स्वतः पाठवलंय. चूक माझीच. पुन्हा पहिल्यापासून.'

त्या ओळीखाली मी खरं काय ते लिहिलं, त्याच्यासारखीच तारीख घालून. चिडला असता. वर्षभर बोलला नसता माझ्याशी... चाललं असतं मला.