डाव्या कमरेचं पिस्तूल

चारचौघांत मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. इथं मात्र ‘तो’ असंच लिहिणार आहे. आदर होता तितका वापरून झाला.

तो डावखुरा. जेवण आणि पूजा तेवढी सासूबाईंनी फटके देऊन उजव्या हातावर आणली, बाकी सगळं डावंच राहिलं. म्हणून पिस्तुलाचं लायसन मिळालं तेव्हा ते डाव्या कमरेला लागलं. आमचं ना कुणाशी वैर, ना कुणाची धमकी. गावी अंथुर्ण्यात डाळिंबाची बाग आहे, पण डाळिंबं चोरणाऱ्याला कुत्रं पुरतं. पुढाऱ्यांच्या मागं फिरणाऱ्याच्या कमरेला काहीतरी दिसलं पाहिजे, एवढंच. कुठंही बसला की शर्ट मागं सरकवायचा.

माझा भाऊ लष्करातून निवृत्त झालेला. पिस्तूल आल्यावरच्या पहिल्याच भाऊबीजेला त्यानं ते बघितलं आणि त्याचं ताटावरचं लक्ष उडालं.

“दाजी, ही वस्तू उजव्या हातवाल्यासाठी केलेली हाय,” भाऊ म्हणाला. “सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला आसतो. उजव्या कमरंला लावलं तर त्यो पोटाकडं झाकून ऱ्हातो. तुमच्याकडं त्यो भाईर येतोय. कोपार घासलं तरी खाली सरकंल. नळीत गोळी ठिवू नका. खटका आन् चाप दोन्ही झाकंल आसं कातड्याचं कव्हर शिवून घ्या. आन् उठता-बसता अंगठ्यानं चाचपत जावा.”

खटका खाली आला की पिस्तूल उडायला मोकळं होतं आणि त्याच्यामागचा लाल ठिपका उघडा पडतो, हे त्यानं मलाही बोलावून दाखवलं.

“गोळी काढून ठिवायची तर मग खुळखुळा बांधू का कमरंला?” नवरा म्हणाला. “आन् चाप झाकला तर येळंला काय करू?”

कसली वेळ येणार होती, देव जाणे. भावानं ताट पुढं ओढलं. बहिणीच्या घरात किती बोलायचं याला माप असतं.

पण गाडीत त्याच्या डाव्या बाजूला बसते कोण? मी. बारामतीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या पुढं आल्या की सारखा गिअर बदलावा लागतो. डावा हात पुढं-मागं होतो आणि कोपर नेमकं खटक्यावर घासतं. पिस्तुलाचं तोंड माझ्या पायाकडं. बायका खिडकीतून बाहेर बघतात, मी नवऱ्याची कमर बघत प्रवास करायची. ठिपका दिसला की सांगायची, “अवं, खटका खाली आलाय.” तो अंगठ्यानं वर ढकलायचा आणि वर मलाच म्हणायचा, “तुझं ध्यान दुसरीकडं जातच न्हाय का?”

मग पुढच्या वर्षीचा दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाड आणि त्यांच्या मधोमध ते पिस्तूल, घरात नवीन सून आल्यासारखं. हळदीकुंकू लावायचं काम माझं. मी काठाला बोट टेकवलं तर म्हणाला, “हात आखडू नको, चांगलं भरून लाव.” लावलं. ओलं कुंकू खटक्याच्या खाचेत जाऊन वाळलं. दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन पुसायला गेले तर अंगावर ओरडला. हत्यारावरची पूजा पुसत नाहीत म्हणे.

तेव्हापासून त्या जागेला कायम लाल दिसायला लागलं. मी म्हणायची, “लाल दिसतंय.” तो चाचपून बघायचा, खटका वरच असायचा. “तुझंच कुंकू हाय ते,” म्हणून हसायचा. असं दोन-तीनदा झालं. मग त्यानं चाचपणंही सोडून दिलं.

थंडीत बारामतीला एक लग्न होतं. आम्ही निघालो. त्याच्या गळ्यात नवं उपरणं, गोंडे लावलेलं. आमच्याकडं सीटबेल्ट गावातून निघताना लावत नाहीत. काटेवाडी आली, पुढं पोलीस असतील असं वाटलं, की लावतात. काटेवाडी आली. मी म्हणाले, “अवं, लाल दिसतंय.”

“गप बस. कुंकू हाय,” तो म्हणाला आणि न बघताच त्यानं बेल्ट ओढून डाव्या कमरेशी खुपसला. उपरण्याचं टोक मध्ये आलं होतं. गोंडा चापात अडकला होता आणि या वेळी खटका खरंच खाली होता, हे नंतर कळलं. आधी नुसता आवाज झाला.

माझ्या उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. गाडी कडेला घेऊन तो पहिलं वाक्य काय बोलला असेल? दुखतंय का, असं नाही. “पायावरनं ट्रॉलीचं चाक गेलं म्हनायचं. लायसन जाईल माझं.”

डॉक्टर ओळखीचे निघाले. मी पण तसंच सांगितलं. रक्त वाहत असताना कोण भांडत बसतं? माझ्या दोन बोटांपेक्षा लायसन मोठं, हे मला त्या खोलीत टाके पडताना समजलं, आणि ते औषधांनीही बधिर झालं नाही.

आता त्यानं कातड्याचं कव्हर करून घेतलंय. खटका झाकलेला, चाप झाकलेला, नळी रिकामी. आलेल्या माणसांना काढून दाखवतो आणि भावाचे शब्द जसेच्या तसे स्वतःचे म्हणून सांगतो. “डाव्या हातवाल्यानं लई जपावं लागतं बरं का. खटका भाईर येतो.” माणसं माना डोलावतात.

परवा असंच बैठकीत चाललं होतं. मी चहा घेऊन लंगडत आले. एका पाहुण्यानं विचारलं, “वैनी, पायाला काय झालं वो?”

नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “गोळी लागली. ह्यांच्या पिस्तुलाची.”

मग पाहुणा हसला, म्हणाला, “वैनी लई इनोदी हायत.” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तो हसला, आणि हसता हसता चहाचा कप माझ्या हातातून घेतला.